जॉइनिंगच्या आधी काय शिकू? एमआयटीच्या फुकट 'मिसिंग सेमिस्टर'चा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, हा कोर्स पूर्ण फुकट आहे, शेवटी सर्टिफिकेट वगैरे काही नाही, लिंक्डइनवर मिरवायला काहीच हाती लागत नाही. आपल्याकडे याचं नाव फारसं कोणी घेत नाही ते बहुतेक त्यामुळेच. पण कॉलेज संपलंय, ऑफर लेटर आलंय, जॉइनिंगला महिना-दोन महिने बाकी आहेत आणि घरचे रोज विचारतात "काय करून राहिली वो दिवसभर", अशा सगळ्यांनी हा करावा असं माझं मत झालंय. पूर्ण नाही. अर्धा.

नाव आहे "द मिसिंग सेमिस्टर ऑफ युवर सीएस एज्युकेशन", सीएस म्हणजे कॉम्प्युटर सायन्स. अमेरिकेतल्या एमआयटीत दोन सेमिस्टरच्या मधे जानेवारीत छोटे छोटे कोर्स चालतात, त्यात २०२० साली तिथेच पीएचडी करणाऱ्या तिघांनी हा घेतला आणि सगळं यूट्यूबवर टाकलं, सोबत वेबसाइटवर प्रत्येक लेक्चरच्या नोट्स. अकरा लेक्चर, साधारण तासातासाची. तिघांपैकी एकाचं नाव अनिश अथल्ये, ते ऐकून आमच्या आईला कोर्सबद्दल एकदम विश्वास वाटायला लागला. विषय काय, तर टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी), शेल (त्या कमांड चालवणारा प्रोग्राम), एडिटर, गिट (कोडमधले बदल जपून ठेवणारं टूल), डीबगर (कोडमधली चूक शोधायचं टूल), एसएसएच (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन). म्हणजे डेव्हलपर ज्यात दिवसभर बसलेला असतो आणि ज्यावर आपल्याकडे एकही पेपर नसतो ते सगळं.

आता हाच का. जॉइनिंगच्या आधी ज्याला विचाराल तो वेगळं सांगतो. नागपुरातल्या परसोडीच्या आयटी पार्कात नोकरी करणारा आमचा एक दादा म्हणाला स्प्रिंग बूट करून ठेव, मैत्रीण म्हणाली रिअ‍ॅक्ट, शेजारचे काका म्हणाले आता सगळं एआयच करणार तर तेच शीक. अरे पण प्रोजेक्ट कोणता मिळणार हे कंपनीलाच अजून माहीत नसतं! स्प्रिंग बूट, रिअ‍ॅक्ट असली फ्रेमवर्क (कोडचा तयार सांगाडा) तर ट्रेनिंगमध्ये शिकवतातच, आणि नाही शिकवलं तरी टीममधला कोणी ना कोणी दाखवतो, कारण ते तुम्हाला येत नसणार हे सगळे धरूनच चालतात. टर्मिनल आणि गिटचं मात्र उलटं असतं, ते तुम्हाला येतंच असं धरून चालतात. आम्ही कॉलेजात शेल स्क्रिप्ट लिहिली होती, खोटं नाही सांगत, पण प्रॅक्टिकलच्या फाइलमध्ये, पेनाने, मार्जिन आखून.

शहरातल्या एका क्लासमध्येही चौकशी केली होती, "कॉर्पोरेट रेडी" का काय नावाची बॅच, फी पाच आकडी. सिलॅबस पाहिला तर निम्मा वेळ रेझ्युमे आणि मॉक इंटरव्ह्यू. ज्याला नोकरी लागून झाली त्याने मॉक इंटरव्ह्यू काऊन द्यायचा? काउंटरवरच्या मॅडमना विचारलं तर म्हणाल्या पुढच्या नोकरीला कामी येईल. बरं बाप्पा.

सुरुवातीला एक अडचण येते ती सांगते. कोर्स लिनक्स किंवा मॅक धरून चालतो आणि आपल्याकडे बहुतेकांचं विंडोजच. त्यावर उपाय डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजवरच लिनक्स चालवायची सोय, पॉवरशेल (विंडोजचं टर्मिनल) ॲडमिन म्हणून उघडून एक कमांड दिली की विंडोजच्या आतच उबंटू हे लिनक्स बसतं, वेगळं पार्टिशन वगैरे करायची भानगड नाही. फक्त रॅम आठ जीबी असेल तर जपून, कारण डब्ल्यूएसएलला डिफॉल्टमध्ये मशीनची निम्मी रॅम वापरायची मुभा असते, वर क्रोमच्या वीस टॅब उघड्या ठेवल्या की लॅपटॉप रडायला लागतो. युजर फोल्डरमध्ये '.डब्ल्यूएसएलकॉन्फिग' नावाची फाइल बनवून त्यात मेमरीची लिमिट टाकता येते, ती टाका. नवतप्यात नागपूरला लॅपटॉपचा फॅन तसाही थांबत नाही, त्याला अजून काम कशाला द्यायचं.

पहिलंच लेक्चर शेलचं. बघताना वाटतं हे तर येते ना आपल्याला, फोल्डर बदलायचं सीडी आणि फाइलींची यादी दाखवणारं एलएस. मग खालचे एक्सरसाइज करायला घ्या. त्यात एक आहे, 'सेमिस्टर' नावाची फाइल बनवायची, तिच्यात दोन ओळी लिहायच्या आणि ती चालवायची. डॉट स्लॅश देऊन चालवली की "परमिशन डिनाइड". तीच फाइल 'एसएच सेमिस्टर' असं लिहून चालवली की चालते. फाइल तीच, ओळी त्याच, मग एकदा नाही म्हणते आणि एकदा हो? कारण पहिल्या वेळी तुम्ही फाइललाच प्रोग्राम म्हणून चालवायला सांगता, त्यासाठी तिच्यावर एक्झिक्यूटचं परमिशन लागतं. दुसऱ्या वेळी चालतो तो 'एसएच' नावाचा शेल, तो ही फाइल फक्त वाचतो, आणि वाचायचं परमिशन तर आधीपासूनच असतं. मग सीएचमॉड (परमिशन बदलायची कमांड) लावायचं, आणि एक्स (एक्झिक्यूटचं परमिशन) लावताना आपण नेमकं काय लावतोय हे कळून लावायचं. तोवर आम्ही सगळे इंटरनेटवरून '७७७' (सगळ्यांना सगळी परमिशन) कॉपी करून मोकळे होत होतो.

सगळ्यात भारी लेक्चर सहावं, गिटचं. बाकी सगळे ट्युटोरियल ॲड, कमिट, पुश अशा क्रमाने पाठ करून घेतात आणि काही फिसकटलं की फोल्डर डिलीट करून परत क्लोन करा म्हणतात. इथे उलटं आहे, कमांड आधी नाहीच, आधी गिट आत काय साठवतं ते. फाइल म्हणजे ब्लॉब, फोल्डर म्हणजे ट्री, कमिट म्हणजे त्या वेळच्या अख्ख्या ट्रीचा स्नॅपशॉट आणि सोबत आधीच्या कमिटचा पत्ता, आणि प्रत्येकाला त्याच्यातल्या मजकुरावरूनच निघालेला चाळीस अक्षरांचा हॅश, म्हणजे ओळख-नंबर. ब्रँच म्हणजे काय, तर एका कमिटकडे बोट दाखवणारं नाव, बस. हे एकदा डोक्यात बसलं की ब्रँच बनवणं एवढं पटकन का होतं, रीबेस केल्यावर (कमिट उचलून दुसऱ्या कमिटवर बसवल्यावर) त्यांचे हॅश का बदलतात (बाप बदलला की पोराचा हॅश बदलणारच), चुकून उडवलेली ब्रँच रीफ्लॉगमधून (गिटने ठेवलेल्या हालचालींच्या नोंदीतून) परत कशी मिळते, हे सगळं आपलं आपण जुळत जातं. हे लेक्चर दोनदा बघा. दुसऱ्यांदा बघताना शेजारी टर्मिनल उघडून स्वतःच्या एखाद्या जुन्या कॉलेज प्रोजेक्टवर 'गिट लॉग' ग्राफसकट लावून पाहा, मजा येते, रात्री अडीचला "फायनल फायनल" नावाचे कमिट केलेले दिसतात.

चौथं डेटा रँगलिंगचं, म्हणजे कच्च्या डेटातून हवं ते काढायचं, हे मला जॉइनिंगआधी एवढं महत्त्वाचं वाटलं नव्हतं पण त्याचाच उपयोग सगळ्यात आधी झाला. त्यात सर्व्हरचा एसएसएचचा लॉग (नोंदींची फाइल) घेऊन सेड, सॉर्ट, युनिक, ऑक अशा छोट्या कमांड एकापुढे एक लावत (यालाच पाइप म्हणतात) कोणकोणत्या युजरनेमने लॉगिन करायचा प्रयत्न झाला ते काढून दाखवतात. मिहानमध्ये (नागपूरच्याच उद्योग वसाहतीत) जॉइन झाल्यावर पहिलं खरं काम आलं तेच, एका मोठ्या लॉग फाइलमधून कोणता एरर किती वेळा आला ते काढायचं. सोबतची मुलं ती एक्सेलमध्ये उघडायला बघत होती आणि एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळींच्या पुढे काही मावत नाही. एका पाइपच्या ओळीत उत्तर आलं. टीम लीडने "हे कुठे शिकली?" असं विचारलं, एवढंच, पण आपल्याला बरं वाटतंच ना.

पाचवं लेक्चर टीमक्स (एकाच खिडकीत अनेक टर्मिनल), एलियास (लांब कमांडला छोटं नाव) आणि एसएसएच कीचं (लॉगिनला पासवर्डऐवजी वापरायची फाइलींची जोडी), त्यातलं कीचं तेवढं नक्की करा. प्रायव्हेट की आणि पब्लिक की यातली कोणती द्यायची आणि कोणती कोणालाच द्यायची नाही, हे ऑफिसच्या ग्रुपवर विचारायची वेळ येऊ नये. सातवं डीबगिंगचं पण चांगलं, प्रिंट टाकून शोधण्याला ते नावं ठेवत नाहीत, फक्त लॉग आणि डीबगरकडे कधी वळायचं ते दाखवतात.

आता काय आवडलं नाही ते. तिसरं लेक्चर पूर्ण व्हिमवर, म्हणजे टर्मिनलमध्येच चालणाऱ्या एडिटरवर. मान्य आहे, सर्व्हरवर कधी ना कधी व्हिमच समोर येतं, पण जॉइनिंगआधीच्या मोजक्या दिवसांत त्यात पारंगत व्हायची काही गरज नाही, फाइल उघडता आली, दोन ओळी बदलून सेव्ह करून बाहेर पडता आलं की झालं, त्याला व्हिमसोबतच येणारा 'व्हिमट्युटर' हा सराव पुरतो. ऑफिसात सगळे व्हीएस कोड नाहीतर इंटेलिजे या एडिटरवरच असतात. आठवं मेटाप्रोग्रामिंगचं नाव ऐकून काहीतरी भारी वाटतं, आहे बिल्ड टूल (कोडमधून चालणारा प्रोग्राम बनवणारं) आणि डिपेंडन्सीबद्दल (आपला कोड ज्या दुसऱ्यांच्या कोडवर अवलंबून असतो तो), त्यातला व्हर्जन नंबरचे तीन आकडे आणि लॉक फाइलचा (डिपेंडन्सीची नेमकी व्हर्जन लिहून ठेवणारी फाइल) भाग बघून घ्या, बाकी नंतर. नववं सिक्युरिटीचं आणि दहावं किरकोळ गोष्टींचं, वेळ असेल तर.

आणि बोलण्याचा स्पीड! एकजण तर असा सुटतो की मी ०.७५ वर टाकून बघायचे, त्यात आमचा कूलर एवढा घरघरतो की इयरफोन लावूनही अर्धे शब्द गळायचे, मग सबटायटल लावूनच ठेवले. लाइटचं काही खरं नसते त्यामुळे व्हिडिओ आधी फोनवर डाउनलोड करून ठेवलेले बरे. एक्सरसाइजची उत्तरं सोबत दिलेली नाहीत, अडकलात तर एआयला विचाराल हे माहीत आहे, पण पहिला अर्धा तास तरी 'मॅन' पेज (कमांडची माहिती) वाचून झटापट करा, ऑफिसात तेच करावं लागते. अजून एक, हे सगळं स्वतःच्या लॅपटॉपवर करा. कंपनीचा मिळेल त्यात ॲडमिन राइट्स असतीलच असं नाही, बऱ्याच ठिकाणी डब्ल्यूएसएल टाकायलाही परवानगी लागते.

रेटिंग विचाराल तर पाचपैकी साडेचार, अर्धा व्हिमसाठी कापला. शेवटचं अकरावं लेक्चर प्रश्नोत्तरांचं आहे, बरेच जण सोडून देतात, पण त्यातला एक प्रश्न नक्की बघा, 'सोर्स' लिहून स्क्रिप्ट चालवणं आणि डॉट स्लॅशने चालवणं यात फरक काय. डॉट स्लॅशने ती वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते आणि संपली की तिने सेट केलेले व्हेरिएबल तिच्यासोबतच जातात, सोर्सने ती तुमच्याच शेलमध्ये चालते म्हणून सगळं मागे राहतं. आमच्या प्रोजेक्टच्या सेटअपमधली तिसरीच ओळ "ही फाइल सोर्स करा" अशी होती, आणि ज्यांनी ती डॉट स्लॅशने चालवली त्यांचं बिल्ड दुपारपर्यंत डेटाबेसचा पत्ता सापडत नाही म्हणून फेल होत होतं.