स्लीव्ह कापली तर वॉरंटी नाही

कॉम्प्युटरच्या दिव्यांचं वायरिंग विकून ज्याने मला फसवलं त्याचं काम दिसायला फार सुबक होतं, हे आधीच सांगून टाकतो. सगळ्या वायरी एका मापाच्या, प्रत्येक जोडावर काळी हीट-श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आकसणारी नळी, घट्ट बसवलेली, टोकाला मोलेक्स, म्हणजे सप्लायला लावायचा प्लग. मी सोल्डर केलं की जोडाचा वाटाणा होतो, त्यामुळे असं काम बघून मी भाळलोच.

कॉम्प्युटरचं कॅबिनेट मी स्वतः बनवलं होतं. ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि समोर धुरकट ॲक्रिलिक. त्यामागे पाच मिलिमीटरचे बारा एलईडी हवे होते, चार लाल, चार निळे, चार हिरवे. प्रत्येक रंगाला वेगळं बटण आणि कॉम्प्युटर चालू करायला चौथं. मापं पाठवली की वायरिंग तयार करून देणारा एक जण ऑनलाइन सापडला. त्याचं आश्वासन होतं, 'प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर, स्लीव्हच्या आत. शुद्ध तांब्याची वायर.' रेझिस्टर म्हणजे करंटला आवर घालणारा छोटा भाग, तो नसला तर एलईडी जळू शकतो. पैसे मात्र सगळे आधी. आणि एक अट होती, स्लीव्ह कापली तर वॉरंटी नाही. मला ती अट रास्त वाटली. नीट केलेलं काम कोणी उचकटू नये असं कारागिराला वाटणारच, असं मी मनाशी म्हटलं. एवढा भोळेपणा या वयात शोभत नाही, पण होता.

पाठवण्याआधी त्याने दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. त्यात लाल पट्टी झकास पेटली होती. निळी-हिरवी दाखवा म्हटलं तर उत्तर आलं, "ती याहून भारी दिसतात, प्रत्यक्षातच बघा." वायरी कशाला जोडल्या होत्या ते फ्रेममध्ये नव्हतं. मीही विचारलं नाही.

पार्सल आल्यावर मोलेक्स एसएमपीएसला, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायला लावला, लाल बटण दाबलं. चारही एलईडी डोळे दिपतील असे पेटले, क्षणात नारिंगी झाले आणि विझले. मागे जळका वास राहिला. निळी पट्टी पेटली, पण मिणमिणती. हिरवीचं तेच.

त्याला कळवलं. पहिलं उत्तर, एसएमपीएस खराब आहे. मी मल्टिमीटर लावला, पिवळ्या वायरीवर १२.१ व्होल्ट. एटीएक्स या कॉम्प्युटर सप्लायच्या मानकात १२ व्होल्टला सहसा पाच टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६, तेव्हा सप्लाय ठणठणीत. दुसरं उत्तर, तुम्ही उलटं जोडलं असणार. चार एलईडी एकामागोमाग असताना १२ व्होल्ट उलटे दिले तर प्रत्येकावर साधारण तीनच व्होल्ट येतात. एलईडी पेटत नाही, पण त्याने सहसा जळतही नाही. आणि हे तर पेटून मग जळले होते. असं लिहिल्यावर तिसरं उत्तर आलं, "निळे पेटतायत ना? मग वायरिंग बरोबर आहे."

त्या रात्री मी स्लीव्ह कापली.

ब्लेडने हळूच उभी चिरली. बोटाला रेझिस्टर म्हणून जो फुगवटा लागायचा, तो रेझिस्टर नव्हताच. वायर दोनदा दुमडून तिची गाठ केली होती आणि वर स्लीव्ह चढवली होती. दुसरीत तेच, तिसरीतही. चूक झाली असती तर जागा रिकामी सापडली असती. इथे फुगवटा मुद्दाम घडवला होता, रेझिस्टर लावायला लागला असता त्याहून जास्त कष्ट घेऊन. मला राग पैशांपेक्षा त्या गाठीचा आला.

मग सगळा हिशोब उलगडला. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, निळ्याला आणि आजच्या चकचकीत हिरव्याला ३ ते ३.४. चार निळे एका माळेत घेतले की सुमारे १२.८ व्होल्ट हवेत आणि मिळतात १२, म्हणून रेझिस्टर नसतानाही ते मिणमिणत राहतात आणि चोरी उघडी पडत नाही. चार लालांना मात्र आठच व्होल्ट पुरतात. वरचे चार व्होल्ट अडवायला कोणी नसलं की करंट बेसुमार वाढतो आणि खेळ आटोपतो. व्हिडिओतली लाल पट्टी बहुधा नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर लावलेली असावी. त्या बॅटरीचा स्वतःचाच अंतर्गत रोध असतो, तो थोडा वेळ लालांना सांभाळून घेतो. नऊ व्होल्टवर चार निळे पेटत नाहीत, म्हणून ते 'प्रत्यक्षात' बघायचे होते.

वायरही तांब्याची नव्हती. दोन-तीनदा वाकवली की तुटायची. तार ब्लेडने खरवडली तर लालसर रंग गेला आणि आतून पांढरं ॲल्युमिनियम निघालं. वरून पांढरी आणि खरवडल्यावर लालसर, ती कथिल चढवलेली तांब्याची, चांगली वायर. हे नेमकं उलटं होतं.

बटणाने तर मला दोन दिवस मदरबोर्डवर संशय घ्यायला लावला. कॉम्प्युटर सुरू व्हायचा आणि चार-पाच सेकंदांत बंद पडायचा. रॅम काढून पुसली, प्रोसेसरचा पंखा तपासला. शेवटी बटणाच्या दोन टोकांना मीटर लावला, दोन टोकं आतून जोडलेली असली की तो बीप देतो. एकदा दाबून सोडलं तरी बीप चालूच. पॉवरसाठी दाबून सोडलं की परत येणारं बटण लागतं आणि त्याने दिलं होतं अडकून बसणारं, दिव्यांचंच. मदरबोर्डला वाटायचं की कोणी बोट दाबून धरलंय, आणि चारेक सेकंद धरलं की तो मशीन बंद करणारच.

फोटो पाठवले. उत्तर एका ओळीचं, "स्लीव्ह कापलीत, वॉरंटी गेली." त्यानंतर मी ब्लॉक. व्हिडिओही त्याने चॅटमधून उडवला, आणि मी तो उतरवून ठेवला नव्हता.

आता वायरिंग मीच केलंय. दोन-दोन एलईडीच्या माळा, लालांना ४७० ओम, निळ्या-हिरव्यांना ३३०, सगळे पाव वॅटचे. १२ वजा ४ म्हणजे ८ व्होल्ट, भागिले ४७०, साधारण १७ मिलिअँपिअर. एलईडीची मर्यादा सहसा २० असते, म्हणून जरा हात राखून. जोड अजून वाटाण्यासारखेच आहेत. स्लीव्ह मात्र पारदर्शक वापरली.

तयार वायरिंग घेणार असाल तर सगळे रंग एकदम पेटलेले, कॉम्प्युटरच्याच सप्लायवर, निदान दहा मिनिटांचा व्हिडिओ मागा, मोलेक्स फ्रेममध्ये दिसला पाहिजे. जो टाळेल त्याला निम्मे पैसेही आधी देऊ नका. आणि कोणाकडे अशी काळ्या स्लीव्हची माळ आधीच आलेली असेल, तर लाल पट्टी अजिबात लावू नका. सप्लायपासून सोडवा, मीटर कन्टिन्युइटीवर, म्हणजे बीपच्या सेटिंगवर ठेवा आणि फुगवट्याच्या दोन्ही बाजूंना वायरीत टाचणी टोचून बघा. ३३० ओमचा रेझिस्टर आत असेल तर सहसा बीप येत नाही. बीप आला तर बिनधास्त ब्लेड घ्या, कापण्याआधी आणि कापल्यावर फोटो काढा, चॅट आणि व्हिडिओ आजच उतरवून ठेवा.