ओएम-१ की एफएम२? नऊ महिने दोन्ही वापरल्यावर

ऑलिंपस ओएम-१ आणि निकॉन एफएम२ हे दोन्ही फिल्म कॅमेरे माझ्याकडे महिन्याभराच्या अंतरानं आले. दोन्हींवर ५० मिमी एफ/१.८ लेन्स. मन होईल तो उचलायचा, असं ठरवलं होतं. नऊ महिने आणि एकोणीस रोल झाल्यावर एकच ठेवला, कारण या दोन कंपन्यांच्या लेन्सच्या फोकस रिंगा एकमेकींच्या उलट्या दिशेनं फिरतात.

विकत घेताना हे मला माहीत होतं, पण किरकोळ वाटलं होतं. मग एका संध्याकाळी भाची झोपाळ्यावर बसली होती. आधीचे तीन आठवडे हातात निकॉन होता, त्या दिवशी ऑलिंपस. झोका माझ्याकडे येताना मी रिंग फिरवली आणि तिचा चेहरा स्पष्ट व्हायच्या ऐवजी आणखीच विरघळला. हात उलटा फिरवेपर्यंत झोका मागे गेलेला. पुढच्या झोक्याला पुन्हा तेच. रोल धुऊन आला तेव्हा अकरापैकी दोनच फ्रेम धड होत्या. लेन्स बसवण्याची दिशाही उलटी. शटर स्पीड निकॉनवर वरच्या चकतीवर, तर ऑलिंपसवर लेन्सच्या मागच्या कड्यावर. लेन्स काढायचं बटण निकॉनच्या बॉडीवर, ऑलिंपसचं चक्क लेन्सवरच. शांतपणे काम करताना यातलं काही अडत नाही. हलत्या माणसाचा फोटो काढताना मात्र विचार करायला वेळ नसतो, हाताला लागलेली सवयच कामाला येते. ती एका वेळी एकाच सिस्टिमची लागते.

कागदावर एफएम२ सरस आहे, यात वाद नाही. १९८२ चा कॅमेरा, शटर पूर्ण यांत्रिक, वेग १/४००० सेकंदापर्यंत. बॅटरी फक्त मीटरला, म्हणजे उजेड मोजायला, लागते आणि ती सहज मिळते. ओएम-१ चा वेग १/१००० ला संपतो. हा फरक खरंच जाणवतो: भर उन्हात ४०० आयएसओची, म्हणजे उजेडाला जास्त संवेदनशील, फिल्म असेल तर निकॉनवर लेन्सचं छिद्र एफ/५.६ पर्यंत उघडता येतं (आकडा लहान तितकं छिद्र मोठं), ऑलिंपसवर एफ/११ च्या आसपासच थांबावं लागतं. मागची पार्श्वभूमी धूसर करायला छिद्र मोठं लागतं, त्यामुळे तेव्हा उन्हात ऑलिंपसचा उपयोग नाही. मी आता उन्हाळ्यात कमी संवेदनशील, १०० चीच फिल्म भरते.

पण मी डाव्या डोळ्यानं बघते. एफएम२ चं मीटर चालू करायला रोल पुढे ओढायची लिव्हर थोडी बाहेर काढून ठेवावी लागते आणि ती नेमकी उजव्या भुवईला टोचते. नऊ महिन्यांत याची सवय झाली नाही. उजव्या डोळ्यानं बघणाऱ्यांना हा त्रास होणार नाही.

आणि ओएम-१ चा व्ह्यूफाइंडर! ऑलिंपसचे डिझायनर योशिहिसा माइतानी यांनी लहान कॅमेऱ्याचा ध्यास घेऊन हा बनवला. १९७२ मध्ये तो एम-१ नावानं आला, पुढच्या वर्षी ओएम-१ झाला. बॉडी साधारण ५१० ग्रॅमची, एफएम२ ची ५४०, म्हणजे वजनात फार फरक नाही; अंगानं मात्र ऑलिंपस बराच आटोपशीर. एवढ्याशा बॉडीत नुसत्या डोळ्याला दिसतं त्याच्या ०.९२ पटीचं चित्र दिसतं, निकॉनमध्ये ०.८६. हे आकडे जवळजवळ सारखे वाटतील, पण खिडकीजवळ बसलेल्या माणसाच्या पापण्यांवर फोकस करून बघा. ऑलिंपसमध्ये मला पापणी मोजता येते. चष्मा लावणाऱ्यांना मात्र या मोठ्या चित्राचे कोपरे एका नजरेत दिसत नाहीत.

त्याची दुखणीही सांगायला हवीत. मूळ बॅटरी पाऱ्याची, १.३५ व्होल्टची, आता मिळत नाही. साधी १.५ ची घातली की मीटर चुकतं. मी कानाच्या यंत्राची झिंक-एअर बॅटरी अ‍ॅडॉप्टरमध्ये बसवते. तिचा कागद सोलला की काही आठवड्यांत ती संपते, मीटर बंद असलं तरी. दुसरं दुखणं प्रिझमवरच्या (व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र सरळ दाखवणाऱ्या काचेवरच्या) फोमचं. माझा कॅमेरा 'पूर्ण सर्व्हिस केलेला' म्हणून विकला गेला होता. उघडल्यावर आत काळा चिकट लगदा निघाला आणि त्यानं प्रिझमचा चांदीचा लेप एका रेषेत खाल्लेला होता. ती करडी रेष आजही दिसते. घेण्याआधी कॅमेरा आभाळाकडे धरून व्ह्यूफाइंडरमध्ये नक्की बघा.

फोम निकॉनचाही गेला होता. पहिल्या रोलवर, उजेड आत शिरल्यानं, नारिंगी पट्टे आले, तेव्हा मागच्या दाराच्या खाचा टूथपिक आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ करून घरीच उजेड अडवणारे नवे सील चिकटवले. दोन तास गेले, पट्टे पुन्हा आले नाहीत.

घेण्याआधी कॅनन एई-१ ही पाहिला होता. बॅटरी संपली की तो पूर्ण बंद, म्हणून सोडला. त्याच्या एफडी लेन्स मात्र सुंदर आहेत आणि मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर अ‍ॅडॉप्टर लावून छान चालतात. नुसतं शिकायचं असेल तर पेंटॅक्स के१००० पुरेसा आहे.

निकॉन मी ताईला दिला. तिनं कधी हातानं फोकस केलं नव्हतं, त्यामुळे तिच्या हाताला सुलटी-उलटी अशी कुठलीच दिशा माहीत नव्हती. दुसऱ्याच रोलमध्ये तिनं झोपाळ्यावरची तीच पोरगी, झोका पुढे असताना, अगदी नेमकी पकडली.