जीए४चे इव्हेंट्स डीबगव्ह्यू आणि बिगक्वेरीवर तपासताना, काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधीच सांगतो, जीए४मध्ये (गूगल अॅनालिटिक्स ४, साइटवर कोण काय करतं ते मोजणारं गूगलचं टूल) इव्हेंट ट्रॅकिंग, म्हणजे क्लिक, खरेदी अशा प्रत्येक कृतीची नोंद, नीट चाललंय की नाही हे नुसत्या डीबगव्ह्यूवरून (टेस्ट करणाऱ्या डिव्हाइसचे इव्हेंट्स लगेच दाखवणारा स्क्रीन) ठरवत असाल तर तुम्हाला फक्त तुमचा स्वतःचा फोन नीट चालतोय एवढंच कळतंय. आमची कपड्यांची ऑनलाइन विक्रीची साइट आहे, ट्रॅफिक बहुतेक मोबाइलवरचं. डेव्हलपर टेस्ट करतो, इव्हेंट टाइमलाइनवर टपकतो, तो म्हणतो "पर्चेस फायर होतोय ना, मग प्रॉब्लेम काय?" प्रॉब्लेम हा की गिऱ्हाईक दोन टॅब उघडतं, मधेच बॅक दाबतं, अ‍ॅड ब्लॉकर लावून येतं, आणि डीबगव्ह्यूत यातलं काहीच दिसत नाही. नवीन टॅग (इव्हेंट पाठवणारा कोडचा तुकडा) लावला की पाच मिनिटं बघायला डीबगव्ह्यू झकास, त्यापुढे नाही.

खरी तपासणी बिगक्वेरी एक्सपोर्टवर होते, म्हणजे जीए४ आपला कच्चा डेटा गूगलच्या बिगक्वेरी डेटाबेसमध्ये टाकतं त्यावर. एक्सपोर्ट पहिल्या दिवशीच चालू करा, कारण मागचा डेटा नंतर भरून मिळत नाही. आणि सँडबॉक्समध्ये (बिलिंग न जोडलेल्या फुकट प्रकारात) ठेवलंत तर टेबलं ६० दिवसांनी उडतात, म्हणून बिलिंग जोडा. महिन्याला १ टीबी क्वेरी आणि १० जीबी स्टोरेज फुकट आहे, छोट्या साइटला पुरतं. सुरुवातीला अननेस्ट (एकात एक दडलेला डेटा मोकळा करणारी क्वेरीतली आज्ञा) लिहून लिहून डोकं उठतं हे खरं. प्रत्येक पॅरामीटरची (इव्हेंटसोबत जाणारी माहिती, जसं किंमत) व्हॅल्यू स्ट्रिंग (मजकूर) किंवा इंट, फ्लोट, डबल (आकडे) अशा वेगळ्या कप्प्यांत पडते, पण नंतर कळलं की तपासणीला तोच कप्पा कामाचा. आमच्याकडे एका पेजवरून किंमत "₹१,२९९" अशी, चिन्ह आणि स्वल्पविरामासकट जात होती. ती गेली सरळ स्ट्रिंगच्या कप्प्यात. रिपोर्टमध्ये इव्हेंटची संख्या बरोबर, रेव्हेन्यू मात्र पडलेला, आणि मार्केटिंगवाले आठवडाभर ऑफर कशी फसली यावर मीटिंगा घेत बसलेले. करन्सी पाठवली नाही तरी रेव्हेन्यूची हीच गत होते.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं पर्चेसने. यूपीआयवाल्या ऑर्डरमध्ये काय होतं बघा, ब्राउझरमधून यूपीआय अ‍ॅप उघडतं, माणूस पिन टाकतो, पैसे गेले, टिंग वाजलं, आणि तो तिथूनच व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, ब्राउझरमध्ये परत येतच नाही. थँक्यू पेज उघडलं नाही म्हणजे इव्हेंटही गेला नाही, पण ऑर्डर आमच्या डेटाबेसमध्ये नीट पडलेली असते. याच्या उलट काही जण थँक्यू पेज दोन दिवस उघडं ठेवून ऑर्डर कुठे पोचली बघायला रिफ्रेश मारत बसतात, आणि पर्चेस परत जातो. एकाच युजरकडून तोच ट्रान्झॅक्शन आयडी (ऑर्डरची ओळख सांगणारा क्रमांक) आला तर जीए४ वेबवर डुप्लिकेट गाळतं, पण आयडी रिकामी स्ट्रिंग म्हणून पाठवलात तर सगळे रिकामे आयडीवाले पर्चेस एकच समजून गाळले जातात! हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, पण तिथपर्यंत वाचतो कोण.

म्हणून मी रोज सकाळी चहा व्हायच्या आत तीन क्वेऱ्या शेड्यूलवर ठेवल्यात. प्रत्येक इव्हेंटचा आकडा गेल्या आठवड्याच्या त्याच वाराशी ताडून बघायचा (रविवारची सोमवारशी तुलना करून बोंब मारण्यात अर्थ नाही). कुठला पॅरामीटर किती टक्के रिकामा आला ते बघायचं. आणि ट्रान्झॅक्शन आयडी ऑर्डरच्या टेबलाशी जोडून कोण गायब आणि कोण दोनदा ते काढायचं. ही तिसरी क्वेरी सगळ्यात मोलाची, बाकी दोन नसल्या तरी चालतील पण ही पाहिजेच. फक्त ती कालच्या टेबलावर चालवू नका, उशिरा आलेले इव्हेंट्स ७२ तासांपर्यंत त्यात भरले जातात, तीन दिवस जुनं टेबल घ्या नाहीतर उगाच डेव्हलपरशी भांडण.

पेज व्ह्यूचा घोळ यातल्या पहिल्या क्वेरीतच सापडला. साइट सिंगल पेज अ‍ॅप, म्हणजे पान नव्याने लोड न होता आतला मजकूरच बदलतो. टॅग मॅनेजरमधून (टॅग लावायचं गूगलचं टूल) पेज व्ह्यू जात होता आणि वर एन्हान्स्ड मेजरमेंटमधलं (जीए४ने आपोआप इव्हेंट नोंदवायची सोय) ब्राउझर हिस्टरी बदलाचं सेटिंगही चालू, त्यामुळे प्रत्येक क्लिकला सेकंदाच्या आत दोन पेज व्ह्यू. त्या सेटिंगसमोरची खूण काढली, विषय संपला.

न आवडलेलं म्हणजे मर्यादा. फुकटच्या प्रॉपर्टीत (जीए४मधलं साइटचं खातं) रोजच्या एक्सपोर्टला १० लाख इव्हेंट्सची मर्यादा आहे आणि सतत ओलांडली तर एक्सपोर्टच थांबतो, दिवाळी सेलच्या आधी स्क्रोलसारखे फालतू इव्हेंट्स एक्सपोर्टमधून वगळून टाका. पॅरामीटरची व्हॅल्यू १०० कॅरेक्टरच्या पुढे छाटली जाते, लांबलचक प्रॉडक्ट नावं अर्धीच येतात. शिवाय रिपोर्टमधले युजर आणि बिगक्वेरीतले युजर तंतोतंत जुळत नाहीत, कारण रिपोर्टमध्ये अंदाजाने मोजतात. साहेबांना हे समजावणं हा वेगळाच जॉब आहे.

यूपीआयच्या गळतीसाठी आता पर्चेस सर्व्हरवरून मेजरमेंट प्रोटोकॉलने (ब्राउझरशिवाय थेट जीए४ला इव्हेंट पाठवायची पद्धत) पाठवायला घेतलाय. त्यातही एक गंमत, पेलोड (पाठवलेला डेटा) चुकीचा असला तरी उत्तर २०४च, म्हणजे "मिळालं" असंच येतं, म्हणजे लॉग बघून सगळं हिरवंगार वाटतं. आधी व्हॅलिडेशनच्या (डेटा तपासायच्या) वेगळ्या एंडपॉइंटवर, म्हणजे पत्त्यावर, मारून बघा, पण तो एपीआय सीक्रेट (डेटा पाठवायची गुप्त किल्ली) बरोबर आहे का ते तपासत नाही, त्यामुळे शेवटी परत तीच तिसरी क्वेरी चालवावी लागते.