जुना ४८६, बाहेरचा मॉडेम आणि १६५५०ए चिपचं सिरियल कार्ड : आठ महिन्यांनंतर

आधी निकाल सांगतो. मॉडेम ठीक आहे, विंडोज ९८ चं डायल-अप नेटवर्किंगही (फोनच्या लाइनवरून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडणारी सोय) ठीक आहे. सगळं घोडं अडतं ते सिरियल पोर्टवर, म्हणजे मॉडेमची केबल कॉम्प्युटरला जिथे लागते तिथे. लोक मॉडेम बदलतात, फोनची वायर बदलतात, विंडोज पुन्हा टाकतात, पण पोर्टामागची चिप कोणती आहे हे कुणी पाहत नाही.

मशीन ४८६ डीएक्स२-६६, रॅम १६ एमबी. पलीकडे लिनक्सची पेटी, तिच्यावर दुसरा मॉडेम, फोन उचलायला एमगेटी हा प्रोग्राम आणि पुढे फोनवरून नेटवर्क जोडणारा (पीपीपी) पीपीपीडी. मॉडेमच्या डब्यावर ५६के (सेकंदाला ५६,००० बिट) छापलेलं असलं तरी इथे त्याला काही अर्थ नाही. व्ही.९० या मॉडेम-मानकाचा तो वेग पलीकडचं टोक डिजिटल लाइनवर असेल तरच मिळतो. दोन्हीकडे साधे मॉडेम असले की कमाल ३३,६००. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ३१,२०० मिळतात आणि तेवढे पुरतात.

जोडणी सोपी आहे. 'मेक न्यू कनेक्शन' करून नंबर द्या. मग 'सर्व्हर टाइप्स'मध्ये पीपीपी ठेवा, 'लॉग ऑन टू नेटवर्क', आणि नेटबीयूआय व आयपीएक्स हे इथे न लागणारे नेटवर्क प्रोटोकॉल, या तिन्ही खुणा काढा, फक्त टीसीपी/आयपी राहू द्या. खुणा राहिल्या तरी जोडणी होते, पण पासवर्ड तपासल्यावर उगाच ताटकळत बसावं लागतं. 'सेव्ह पासवर्ड' करडं दिसत असेल तर विंडोज सुरू होतानाची लॉगऑन चौकट 'कॅन्सल' करून पुढे गेलेले असता, किंवा 'क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स' टाकलेलं नसतं. लाइन ऑफिसच्या अंतर्गत एक्स्चेंजमागून येत असेल आणि डायल टोन वेगळा असेल तर 'एक्स्ट्रा सेटिंग्ज'मध्ये एक्स३ लिहा, म्हणजे मॉडेम टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो. बाहेरची लाइन घ्यायला ० लागत असेल तर त्यानंतर स्वल्पविराम द्या. एका स्वल्पविरामाला साधारण २ सेकंद थांबतो.

इथवर तक्रार नाही. तक्रार सुरू होते मोठी फाइल उतरवताना. मजकूर छान येतो, पण १ एमबीची झिप घेतली की काटा मध्येच थांबतो, पाच-दहा सेकंद मॉडेमवरचा आरडीचा (डेटा येत असल्याचा) दिवा विझतो, मग पुन्हा चालू. पहिले दोन महिने सगळा राग मॉडेमवर होता. तो अन्याय होता, म्हणून हे मत जाहीरपणे मागे घेतो.

कारण असं. मॉडेममधलं व्ही.४२ हे मानक चुका दुरुस्त करतं खरं, पण फक्त दोन मॉडेमच्या मधल्या लाइनवर. मॉडेमपासून कॉम्प्युटरपर्यंतच्या केबलला ते संरक्षण नाही. पोर्ट १,१५,२०० वर ठेवला तर दर ८७ मायक्रोसेकंदाला एक बाइट येतो. जुन्या ८२५० किंवा १६४५० चिपमध्ये एकच बाइट थांबू शकतो. तो उचलायला सीपीयूला उशीर झाला की पुढचा त्याच्यावर येऊन बसतो. एक बाइट गेला की पीपीपीच्या चौकटीची (डेटाच्या तुकड्याची) तपासणी नापास, अख्खी चौकट कचऱ्यात, आणि टीसीपी ती पुन्हा मागवेपर्यंत सगळं ठप्प. उशीर होतो तो नेमका डिस्कवर लिहिताना. म्हणून मजकूर चालतो आणि फाइल अडते!

'हार्डवेअर फ्लो कंट्रोल (मॉडेमला तारेवरून 'थांब' सांगायची सोय) लावलंय की' असं सांगणारे भेटतील. लावायलाच हवं, पण इथे त्याचा उपयोग नाही. 'थांब' सांगणारी आरटीएस तार खाली ओढायचं काम ड्रायव्हरचं, आणि ड्रायव्हरची पाळी यायच्या आतच बाइट गेलेला असतो.

खात्री करायची तर 'सिस्टम मॉनिटर'मध्ये 'डायल-अप अडॅप्टर'खालची 'ओव्हररन एरर्स' (वर येऊन बसलेले बाइट) आणि 'सीआरसी एरर्स' (नापास चौकटी) लावून ठेवा. चिप कोणती ते 'मॉडेम्स'मधल्या 'डायग्नोस्टिक्स'च्या 'मोअर इन्फो'त दिसतं. १६५५०ए हवी. नुसत्या १६५५० वर खूश होऊ नका, तिचा फिफो (बाइट रांगेत थांबवणारा साठा) सदोष होता.

आता पैशाचं. कार्ड घेण्याआधी फुकटचा उपाय करून पाहा. पोर्टाचा वेग १९,२०० वर आणा. बाइटमागे ५२० मायक्रोसेकंद मिळतात आणि अडखळणं बहुतांशी जातं. पण १ एमबीला नऊ मिनिटं लागतात. ३८,४०० वर साडेचार, म्हणजे लाइनच्या ३१,२०० इतकाच वेग. पण १६४५० ला तो झेपत नाही, ओव्हररन पुन्हा मोजायला लागतात. इथे कंजूषपणा हरला आणि १६५५०ए चं आयएसए (जुन्या पद्धतीच्या खाचेत बसणारं) कार्ड आलं.

कार्डातही दोन खड्डे आहेत. एक, नवं कार्ड कॉम२ वर येणार, म्हणून जुन्या कंट्रोलरवरचा कॉम२ जंपर काढून बंद करा. माउस कॉम१ वर असतो, म्हणून मॉडेम कॉम३ वर टाकू नका. दोघांना आयआरक्यू ४ (सीपीयूला हाक मारायची तार) लागतो आणि आयएसएवर तो वाटून घेता येत नाही. दुसरा खड्डा जास्त छळतो. कार्डावरच्या १० पिनांपासून मागच्या ९ पिनी सॉकेटपर्यंतची रिबन दोन वेगवेगळ्या पद्धतींनी जोडलेली मिळते. चुकीची लावली तर पोर्ट विंडोजला दिसतो, पण मॉडेम 'एटी' या आज्ञेला 'ओके' म्हणत नाही. कार्डासोबत आलेली रिबनच वापरा, जुन्या कार्डाची वाचवायला जाऊ नका. माउससाठीच्या काही ९-२५ अडॅप्टरमध्ये सगळ्या तारा नसतात, तेही बाजूला ठेवा.

सेटिंग शेवटी स्थिरावलं ते असं : पोर्ट ५७,६००, 'यूज फिफो बफर्स' चालू, आणि 'रिसीव्ह'ची पट्टी टोकाला नाही, एक घर मागे. टोकाला म्हणजे १६ पैकी १४ बाइट भरल्यावर सीपीयूला हाक जाते, हाताशी उरतात २. एक घर मागे म्हणजे ८ वर हाक, ८ शिल्लक, जवळजवळ १.४ मिलिसेकंद. १,१५,२०० चा मोह सोडा. मॉडेममधलं व्ही.४२बीआयएसचं कॉम्प्रेशन साध्या मजकुराला मदत करतं, आधीच दाबलेल्या झिपला नाही.

सहाव्या महिन्यात ओव्हररन अचानक परतले. चिप तीच, सेटिंग तेच. 'सिस्टम'मधल्या 'परफॉर्मन्स' टॅबवर डिस्क एमएस-डॉस कम्पॅटिबिलिटी मोडमध्ये (जुन्या, संथ पद्धतीवर) गेलेली निघाली. कॉन्फिग.सिसमधला एक जुना ड्रायव्हर काढला आणि मोजणी पुन्हा शून्यावर आली.

बाकी, जोडणी झाल्यावर स्क्रीनवर १,१५,२०० दिसले म्हणून हुरळू नका, तो पोर्टाचा वेग. रॉकवेल चिपच्या मॉडेमला 'एक्स्ट्रा सेटिंग्ज'मध्ये डब्ल्यू२ दिलं की लाइनचा खरा आकडा दिसतो. तो २६,४०० च्या खाली दिसला तरच फोनच्या वायरीकडे बघायचं.