फ्रीव्हील काढायचं टूल, 7,829 रुपये आणि फोटोतलं ते सॉकेट

एकूण 7,829 रुपये गेले. आकडा आधीच सांगतो, कारण ज्याला ज्याला सांगितलं त्याने पहिला प्रश्न तोच विचारला आणि दुसरा प्रश्न "एवढा शिकलेला माणूस तू, असा कसा फसलास". तर तेच लिहितोय. हसायचं असेल तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा, कारण जुन्या सायकलींचा नाद असलेली बरीच मंडळी आता ऑनलाइन पार्ट शोधत फिरतात आणि मला फसवणारा हा माणूस अजून तिथेच बसलेला असणार, नाव बदलून.

सायकल काकांची. काका मर्चंट नेव्हीत होते, 1983 ला जपानहून आणलेली, पुढे दोन चकत्या मागे पाच, दहा स्पीडची. काका गेल्यावर ती माझ्याकडे आली, इंदिरानगरच्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये चार वर्षं धूळ खात होती. गेल्या पावसाळ्याआधी मनावर घेतलं, साफ केली, टायर टाकले, आणि तिसऱ्याच दिवशी पाथर्डी फाट्याजवळच्या खड्ड्यात मागचा एक स्पोक तुटला. तुटला तो पण चेनच्या बाजूचा. ज्यांना माहीत आहे त्यांना कळलं असेल पुढे काय. त्या बाजूचा स्पोक बदलायचा तर आधी फ्रीव्हील (मागच्या दात्यांच्या चकत्यांचा गठ्ठा, आपले मिस्त्री फ्रायविल म्हणतात) बाहेर काढावं लागतं, आणि ते हबवर आट्यांवर बसलेलं असतं, जेवढं पेडल मारू तेवढं घट्ट होत जातं. चाळीस वर्षं पेडल मारलेलं आहे ते.

फ्रीव्हीलवर कोरलंय सनटूर परफेक्ट, सनटूर ही जुनी जपानी कंपनी आणि परफेक्ट हे मॉडेल. आतल्या बाजूला फक्त दोन खाचा, समोरासमोर. आता आजकालची सगळी टूलं शिमानोच्या बारा दात्यांच्या खाचांसाठी. आणि 2015 ला आपल्या नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका मारली तेव्हापासून शहरात भारी सायकलींची दुकानं झाली खरी, पण तिथे सगळं कॅसेटचं, म्हणजे चकत्या आट्यांवर नाही, फ्रीहब नावाच्या भागावर सरकवून बसवायच्या आणि वरून लॉकरिंग आवळायची. शिमानोने फ्रीहब 1978 लाच आणला होता, म्हणजे तिथल्या पोरांच्या जन्माच्या आधीपासूनच माझं प्रकरण जुनं. गंगापूर रोडच्या एका दुकानात मुलाने लॉकरिंगचं टूल लावून बघितलं, म्हणाला काका हे बसत नाही, ते मलाही दिसत होतंच. भद्रकालीत एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो तर तो म्हणे ठेवून जा, छिन्नी हातोड्याने काढतो. बरं झालं नाही ठेवलं. खाच एकदा उडाली ना की मग फ्रीव्हील पूर्ण खोलून, वरची झाकणचकती उलट्या आट्याची असते ती घड्याळाच्या दिशेने फिरवून काढायची, ढीगभर बारीक छर्रे खाली सांडतात, आणि आतली बॉडी व्हाइसमध्ये धरून फिरवायची. हबचंही काही सांगता येत नाही. छिन्नीवाल्याला सायकल देऊ नका, तो कितीही जुना असू दे.

मग मी मूर्खपणा केला, जुन्या सायकलींच्या एका ग्रुपवर माझ्या फ्रीव्हीलचा क्लोजअप फोटो टाकला आणि खाली लिहिलं, सनटूर, दोन खाचांचं टूल पाहिजे, अर्जंट, नाशिक. म्हणजे पेपर मीच फोडला. काय पाहिजे, कुठे पाहिजे, किती घाई आहे, सगळं. अर्ध्या तासात इनबॉक्समध्ये मेसेज. "दादा, माझ्याकडे आहे, ओरिजिनल जपानी, सातपूरला वर्कशॉप आहे माझं."

सातपूर. मी स्वतः वीस वर्षं सातपूर-अंबडला इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये आहे. म्हणलं येतो घ्यायला. तर म्हणे सध्या चाकणला साइटवर आहे, माल भावाकडे आहे, कुरियर करतो. 2,650 टूलचे आणि 180 कुरियरचे. महाग होतं, पण बाहेरून मागवायचं तर टूलपेक्षा पाठवणी आणि ड्युटीच जास्त होते असा हिशेब मी आधीच करून बसलो होतो, त्यामुळे मला ते परवडल्यासारखंच वाटलं. फोटो माग म्हणतात ना लोक, मागितला की. दोन मिनिटांत आला. हातात धरलेलं टूल, दोन दाते, झक्कास, मागे वर्कबेंच, व्हाइस. 2,830 पाठवले.

आता तो फोटो. यावर मला बोलायचंच आहे, कारण पैशापेक्षा मला हेच जास्त झोंबतंय.

फोटोत टूलच्या मागे भिंत, आणि भिंतीवर एक प्लग पॉइंट. अर्धाच दिसतो, पण स्पष्ट. दोन उभ्या चपट्या फटी आणि त्यांच्या खाली एक गोल भोक, चेहऱ्यासारखं दिसतं ते, डोळे नि उघडं तोंड. अमेरिकेचं सॉकेट. सातपूरच्या वर्कशॉपमध्ये. तीन गोल पिनांचा आपला पॉइंट मी दिवसाला शंभर वेळा बघतो, कारखान्यात इम्पोर्टेड मशीन आलं की त्याचा प्लग कापून आपला टॉप लावायचं काम माझंच, ट्रान्सफॉर्मर कुठला लागेल ते मला विचारतात. आणि मी तो फोटो पैसे पाठवायच्या आधी किमान पंधरा वेळा झूम करून बघितला होता. दात्यांवर झूम. दाते दोनच आहेत ना, कडा शाबूत आहेत ना. दोन बोटं वर सरकवली असती तर.

मला ते दिसलंसुद्धा नाही. आमच्या टूलरूमच्या फिटरला नंतर फोटो दाखवला, त्याला सायकलीतलं काही कळत नाही, तो टूलकडे बघायच्या आधीच म्हणाला, "साहेब हा बोर्ड कुठला हो, आपल्याकडचा नाय वाटत." दोन सेकंद लागले त्याला. मी तिथेच स्टुलावर बसलो. माझ्या बाजूने एवढंच सांगतो की माणसाला जे हवं असतं ना तेवढंच दिसतं, आणि दीड महिना चाक खुंटीला टांगून ठेवलेल्या माणसाला टूलच दिसणार. पण हे मी दुसऱ्याला सांगू शकतो, स्वतःला नाही सांगता येत.

फोटो मागण्यात काही अर्थ नाही, फोटो कुठूनही उचलता येतो. व्हिडिओ मागा, आणि त्यात चिठ्ठीवर तुमचं नाव आणि आजची तारीख लिहून टूलशेजारी ठेवायला सांगा. जो खरा असेल तो वैतागेल पण करेल.

आठ दिवसांनी पार्सल आलं, हे विशेष. मी खूश. उघडलं तर चार दात्यांचं टूल, सिंगल स्पीडच्या फ्रीव्हीलचं, रविवार कारंजाला शंभर-दीडशेला मिळतं तसलं, वर ग्रीस चोपडलेलं. माझ्या दोन खाचांत चार दाते कुठून बसणार. पार्सल का पाठवलं असेल मला आधी कळेना, आता कळतं. बिनपार्सलचा माणूस लगेच बोंब मारतो. चुकीचं पार्सल आलेला माणूस फोन करतो, आणि गोड बोलतो, कारण त्याला वाटतं चूक झालीय.

मी पण गोडच बोललो. तो माझ्याहून गोड. "अरे दादा सॉरी सॉरी, भावाने दुसरा डबा उचलला, तुमचे पैसे आधी परत करतो, टूल सापडलं की बघू." मग क्यूआर आला. म्हणे दुकानाच्या अकाउंटवरून रिफंड 4,999 चाच फिक्स निघतो, तुम्ही स्कॅन करा, जास्तीचे 2,169 मला उलटे पाठवा, तुमच्यावर विश्वास आहे दादा.

तुमच्यावर विश्वास आहे. हे वाक्य म्हणजे कमाल आहे. त्या क्षणी मी स्वतःवर खूश होतो की बघ, समोरचा आपल्याला प्रामाणिक समजतो, 2,169 लगेच पाठवायचे, पाच मिनिटं पण लावायची नाहीत. त्याच वेळी आमच्याकडे शटडाऊन चालू होता, पॅनल उघडं, सुपरवायझर डोक्यावर, फोन खांद्यात धरलेला आणि हा कानात, "दादा केलं का, दादा लिंक एक्सपायर होईल". स्कॅन केलं, पिन मागितला, टाकला. 4,999 गेले. दुपारी 12 वाजून 41 मिनिटं.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. माझ्या आईला मी हे तीनदा समजावून सांगितलंय. आईने आजपर्यंत एक रुपया घालवलेला नाही.

त्याला लगेच फोन केला, उचलला, म्हणे टेक्निकल एरर, परत स्कॅन करा म्हणजे दोन्ही एकदम येतील. इथे मात्र ट्यूब पेटली. शिव्या दिल्या, त्याने शांतपणे ऐकल्या आणि ब्लॉक केलं. चॅट डिलीट करायची त्याची सोय असते, म्हणून असं काही सुरू झालं की बोलायच्या आधी स्क्रीनशॉट काढा, यूटीआर नंबरसकट (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा नंबर असतो तो). मी नशिबाने काढले होते. आणि 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, पहिल्या तासात फोन करा, पैसे पुढच्या खात्यात जायच्या आधी अडवता आले तर तेव्हाच. मी काय केलं, शटडाऊन संपवला, घरी गेलो, जेवलो, रात्री नऊला केला. लाजेने. कुणाला सांगायचं नाही म्हणून. तोपर्यंत खातं रिकामं.

आता सरकारी तीर्थयात्रा. तक्रारीचा नंबर घेऊन पोलीस चौकीत गेलो, कुठली ते लिहीत नाही. तिथे आधी हद्द. तुम्ही राहता कुठे, पैसे पाठवले तेव्हा होतात कुठे, कंपनीत ना, मग ती हद्द तिकडची. तिकडे गेलो तर म्हणे खातं तुमचं घराच्या पत्त्यावर, तिकडेच जा. म्हणलं साहेब, 1 जुलै 2024 पासून नवीन कायदा आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 मध्ये लिहिलंय की हद्द कुठलीही असो माहिती नोंदवून घ्यायची. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "वकील का तुम्ही?" नाही म्हणलं, इलेक्ट्रिशियन. "मग बसा." बसलो. सव्वादोन तास. शेवटी एका हवालदारांनी अर्ज घेतला आणि वस्तू काय विचारलं. सनटूर दोन खाचांचं फ्रीव्हील रिमूव्हर. त्यांनी मान वर न करता लिहिलं, "सायकलचा पाना". 2,650 रुपयांचा पाना? असं म्हणून ते पहिल्यांदा हसले, आणि शेजारच्याला बोलावून दाखवलं. आणि वर सल्ला, एवढ्याशा रकमेसाठी चकरा मारू नका, इथे लोकांचे चाळीस चाळीस लाख गेलेत. अरे पण माझे 7,829 गेले त्याचं काय, चाळीस लाखवाल्याचे सापडले का मग? नाहीच ना सापडले.

बँकेत गेलो तर काउंटरवरची मॅडम म्हणे पिन तुम्हीच टाकलाय, म्हणजे व्यवहार तुम्ही केलाय, आम्ही काही करू शकत नाही. नियमाने बरोबर असेल तिचं. पण ज्या खात्यात पैसे गेले ते कुणाच्या केवायसीवर उघडलं, एवढं तरी त्या बँकेला विचाराल की नाही? तर म्हणे लेखी द्या. लेखी दिलं. पोच देताना शिक्का संपला होता, शाई नव्हती, उद्या या. तिसऱ्या दिवशी शिक्का मिळाला. तीन हाफ डे गेले माझे, ते 7,829 मध्ये धरलेले नाहीत.

चाक मात्र निघालं. त्याच फिटरने, सॉकेट ओळखलेल्या. म्हणाला आधी मला का नाय विचारलं, आणि यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, रोज त्याच्यासोबत डबा खातो मी. व्हर्नियरने खाचेची रुंदी आणि दोन खाचांमधलं अंतर मोजलं, ओळखीच्या जॉब शॉपमध्ये ईएन24 या मजबूत स्टीलचा तुकडा लेथवर पोकळ केला, एक्सलचा लॉकनट आतून जाईल एवढा, आणि तोंडाला दोन दाते ठेवून बाकी मिलिंगने उडवलं, कानशीने कडा मारल्या. दोन दिवस आधीपासून आट्यांत तेल सोडून ठेवायला सांगितलं होतं. मग टूल खाचेत बसवलं आणि वरून एक्सलचा नट हाताने आवळला, म्हणजे दाते उडून खाच खात नाहीत. हे विसरू नका, सगळ्या खाचा इथेच जातात. टूल व्हाइसमध्ये आणि चाक दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून एसटीच्या स्टिअरिंगसारखं डावीकडे. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा असा आवाज आला की मला वाटलं हब गेला. आटा सुटला होता. सुटल्यासुटल्या नट सैल करायचा, नाहीतर फ्रीव्हील बाहेर येतं आणि नटावर दाबून एक्सलच वाकवतं. आणि दोन खाचा म्हणजे सगळे सारखे समजू नका, जुन्या रेजिना, ॲटम कंपन्यांच्या फ्रीव्हीलला पण दोन खाचांचे प्रकार आहेत, मापं वेगळी, सनटूरच्याच पुढच्या विनर मॉडेलला चार आहेत. मोजल्याशिवाय कुणाकडून काही घेऊ नका, माझ्याकडून पण नाही. हो, टूल माझ्याकडे आहे, नाशिकमधल्या कुणाला लागलं तर घरी येऊन वापरा, फुकट. कुरियर करणार नाही.

सगळं मिळून 300 रुपये झाले, आणि दोन मिसळ.

परवा चौकीतून फोन आला. मला वाटलं काहीतरी लागलं हाताला. म्हणे ते सायकलच्या पान्याचं प्रकरण तुमचंच ना, फाइल पूर्ण करायचीय, पान्याचं ओरिजिनल बिल घेऊन या.