यूव्ही-बी नळ्यांचा संच: पिकांच्या चाचणीसाठी काही महिने वापरल्यावर

कोणते वाण अतिनील (यूव्ही) किरणांतल्या यूव्ही-बी या मधल्या पट्ट्यापुढे टिकते आणि कोणते मान टाकते, हे पाहण्यासाठी आम्ही हा संच घेतला. वर-खाली सरकणारी चौकट, फ्लुरोसंट नळ्या, टायमर आणि पूर्ण पट्ट्याचा एकच आकडा देणारे एक ब्रॉडबँड मीटर, एवढेच. काकडी, सोयाबीन आणि भाताची रोपे त्याखाली वाढवली. संच मला आवडला. पण निकाल विश्वासाचा हवा असेल तर नळ्यांपेक्षा जास्त लक्ष त्यांच्यावरच्या फिल्मकडे द्यावे लागते.

या नळ्यांचा जोर ३१३ नॅनोमीटरच्या आसपास असतो, पण त्या थोडे यूव्ही-सी, म्हणजे त्याहून आखूड तरंगलांबीचे किरणही सोडतात. शेतातल्या उन्हात ते नसते, ओझोनचा थर ते वरच गाळतो. म्हणून नळीवर सेल्युलोज अ‍ॅसिटेटची फिल्म लावायची; सुमारे २९० नॅनोमीटरच्या खालचे किरण तिथेच अडतात. तुलनेच्या रांगेत नळ्या त्याच, फक्त फिल्म पॉलिएस्टरची. ती यूव्ही-बी जवळजवळ सगळे अडवते आणि यूव्ही-ए, म्हणजे त्याहून लांब तरंगलांबीचे किरण जाऊ देते. तुलनेसाठी नळ्या नुसत्या बंद ठेवल्या, तर यूव्ही-ए आणि उष्णतेचा फरकही यूव्ही-बीच्या नावावर जमा होतो. अ‍ॅसिटेट मात्र याच किरणांनी खराब होते: ठिसूळ होते, पारगमन (आरपार जाणारे किरण) घटते, मात्रा नकळत उतरते. नवी फिल्म आधी काही तास नळीखाली तापवून घ्यावी आणि दर आठवड्याला बदलावी. खर्चाचा अंदाज बांधताना हे धरा.

दुसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: पाठीमागचा उजेड. वाढकक्षातल्या मंद उजेडात जवळपास प्रत्येक वाण नाजूक ठरते. यूव्ही-बीमुळे डीएनएमध्ये पडलेल्या गाठी सोडवणाऱ्या फोटोलायेज विकराला निळा प्रकाश आणि यूव्ही-ए लागतात. पानाच्या वरच्या थरातली फ्लेव्होनॉइड्सची ढालही अपुऱ्या उजेडात नीट तयार होत नाही. भातातले नोरिन १ आणि सासानिशिकी हे दोन जपानी वाण याचा उत्तम दाखला आहेत. नोरिन १ नाजूक का, याचा शोध फोटोलायेजमधल्या एका अमिनो आम्लाच्या फरकापर्यंत पोहोचला. अशा वाणांची चाचणी अंधुक खोलीत करण्यात काही अर्थ नाही.

मीटरचा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. वनस्पतीला प्रत्येक तरंगलांबी सारखी लागत नाही, त्यामुळे मात्रा मोजताना प्रत्येक तरंगलांबीला तिच्या परिणामाप्रमाणे भार द्यावा लागतो; त्यासाठी संशोधक कॉल्डवेल यांचा १९७१ चा वक्र अजूनही सर्रास वापरला जातो. वक्र बदलला की मात्राही बदलते, म्हणून नोंदवहीत त्याचे नाव हवेच. नळीच्या टोकांशी किरण कमी पडतात, तेव्हा कुंड्यांच्या जागा फिरवत राहा.

मोजायचे काय? क्लोरोफिल फ्लुरोसन्सवर, म्हणजे पानातल्या हरितद्रव्याने परत सोडलेल्या प्रकाशावर, मी फारशी भिस्त ठेवत नाही. उन्हाच्या जवळपासच्या मात्रेत तो सहसा हलत नाही. पानांचे क्षेत्रफळ, खोडाची उंची, कोरडे वजन आणि आम्लयुक्त मेथॅनॉलमध्ये काढलेल्या रंगद्रव्यांचे ३०० नॅनोमीटरवरचे शोषण यांतून वाणांतला फरक अधिक स्पष्ट कळतो. काकडीच्या पानांवरची तांबूस चकाकी तर नुसत्या डोळ्यांनीही दिसते.

पण ते डोळे जपा. पूर्ण चेहरा झाकणारे पॉलिकार्बोनेटचे कवच आणि हातमोजे घातल्याशिवाय चालू नळीजवळ जाऊ नका. डोळ्यांची जळजळ काही तासांनी सुरू होते, तोवर इजा होऊन गेलेली असते.

एक उणीव खरोखर जाणवते. टायमर ढग असोत वा ऊन, तीच मात्रा देतो, त्यामुळे उघड्यावरच्या प्रयोगात ढगाळ दिवशी परिणाम फुगून दिसतो. शेतात चाचणी करायची असेल तर उन्हाप्रमाणे नळ्या मंद-तेज करणारा नियंत्रक असलेलाच संच घ्या. बंदिस्त जागेत रोपांच्या पहिल्या चाळणीसाठी हा पुरेसा आहे.