दोन लॅब, एक सीड ग्रँट: पैसे वाटून घ्यायचे की माणूस नेमायचा?

विद्यापीठात न्यूरोसायन्समधल्या सहकार्यासाठी जी सीड ग्रँट, म्हणजे नवी कल्पना तपासायला मिळणारं सुरुवातीचं छोटं अनुदान, मिळते, ती बहुतेक वेळा तीनपैकी एका रूपात असते. एका प्रकारात दोन विभागांतले मुख्य संशोधक मिळून अर्ज करतात आणि मंजूर रक्कम दोन्ही लॅबच्या खात्यांत जाते. दुसऱ्या प्रकारात पैसा एका माणसाच्या पगारासाठी असतो, म्हणजे दोन मार्गदर्शकांकडे मिळून काम करणारा पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा तरुण संशोधक) किंवा पीएचडीचा विद्यार्थी. तिसऱ्यात रोख रक्कम मिळतच नाही, एमआरआय स्कॅनरचे किंवा मायक्रोस्कोपचे तास मिळतात. एका फेरीत एकच अर्ज करता येत असेल तर कुठला करावा, हा प्रश्न नवी लॅब उभी करणाऱ्यांना हमखास पडतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: जोडीदार लॅब नवी असेल तर माणूस मागा.

रोख रकमेचा मोठा फायदा म्हणजे मोकळीक. इलेक्ट्रोड, पेशींत जनुक पोहोचवणारे व्हायरस, प्राणी, सहभागींचं मानधन, जिथे अडेल तिकडे पैसा वळवता येतो. दोन्ही लॅबनी पूर्वी एकत्र काम केलं असेल, एकमेकांच्या डेटाच्या फाइल्स उघडता येत असतील आणि अडलंय ते फक्त साहित्यावर, तर हाच पर्याय सरस. दुसरा विचार करू नका.

नव्या जोडीत मात्र रक्कम निम्मी-निम्मी झाली की कामही निम्मं-निम्मं होतं. समजा, एक लॅब उंदराच्या मेंदूतले विद्युत संकेत नोंदवते आणि दुसरी लॅब व्हिडिओवरून त्याच्या हालचालींचं मॉडेल बनवते. संकेत सेकंदाला ३०,००० नमुन्यांच्या वेगाने नोंदवले जातात, साधा कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम टिपतो. म्हणजे एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंदांची, आणि न्यूरॉनचा (मेंदूतल्या चेतापेशीचा) एक स्पाइक, म्हणजे एक विद्युत स्पंद, जेमतेम एका मिलिसेकंदाचा. त्यात दोन उपकरणांची घड्याळं तंतोतंत एका चालीने चालत नाहीत. रेकॉर्डिंग लांबलं की त्यांच्यातला फरक वाढत जातो. दोन्हीकडे एकच सिंक पल्स, म्हणजे वेळ जुळवण्यासाठीचा सामायिक संकेत, नोंदवलेला नसेल, तर कुठला स्पाइक कुठल्या पावलाच्या वेळी आला हे नंतर खात्रीने सांगता येत नाही. उपाय अगदी साधा आहे, एक केबल आणि थोडी जुळवाजुळव. पण ती केबल लावणं कोणाच्याच निम्म्या वाट्यात बसत नाही. वर्ष संपताना दोन्ही डेटासंच हातात असतात, आपापल्या जागी उत्तमही असतात, आणि एकत्र मात्र येत नाहीत.

सामायिक माणसाची गोष्ट वेगळी. रेकॉर्डिंग त्यानेच केलेलं असतं आणि विश्लेषणही त्यालाच करायचं असतं, त्यामुळे घड्याळांचा घोळ त्याला पहिल्या काही आठवड्यांतच दिसतो. न्यूरोसायन्समधली मोठी उडी कशी घडते याचं एक उदाहरण, ऑप्टोजेनेटिक्स म्हणजे प्रकाशाने न्यूरॉन नियंत्रित करण्याची पद्धत, या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातली ही बाजू फारशी बोलली जात नाही. एका हिरव्या शैवालातलं प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन, चॅनेलरोडॉप्सिन-२, गेओर्ग नागेल आणि पेटर हेगेमान यांच्या गटांनी २००३ मध्ये जगासमोर आणलं. ते न्यूरॉनमध्ये घालून प्रकाशाने स्पाइक घडवता येतात हे २००५ मध्ये स्टॅनफर्डहून प्रसिद्ध झालं. त्या पेपरचे पहिले लेखक एडवर्ड बॉयडन. हे काम त्यांनी कार्ल डायसरोथ यांच्यासोबत केलं, आणि त्या काळात बॉयडन दुसऱ्या लॅबमध्ये पीएचडी करत होते. एकीकडचं ज्ञान दुसरीकडच्या न्यूरॉनपर्यंत नेणारं कोणीतरी लागतंच, आणि ते सहसा प्राध्यापक नसतात. प्राध्यापकांकडे तेवढा वेळ नसतो.

तरीही या पर्यायाला दोन अटी आहेत, आणि त्या गंभीर आहेत. पहिली वेळेची. ग्रँट एका वर्षाची असेल आणि योग्य उमेदवार डोळ्यांसमोर नसेल, तर जाहिरात, मुलाखती, रुजू होणं यातच निम्मं वर्ष जातं. अशा वेळी हा अर्ज करू नका, पुढच्या फेरीची वाट बघा. दुसरी अट त्या माणसाच्या हिताची. दोन मार्गदर्शक म्हणजे दोन लॅब मीटिंग, दोघांच्या अपेक्षा आणि पहिलं लेखकत्व कोणत्या पेपरवर याबद्दल संदिग्धता. तरुण संशोधकाच्या उमेदीची वर्षं यात पणाला लागतात, म्हणून हे अर्ज करण्याआधीच लिहून ठेवायला हवं: मुख्य पेपरवर पहिलं नाव त्याचं, आणि ग्रँट संपल्यावर पगार कोण पुढे चालवणार. जो मार्गदर्शक यावर सही करायला कचरतो, त्याच्यासोबत सामायिक माणूस नेमू नये.

स्कॅनरच्या तासांबद्दल थोडक्यात. प्रश्न मानवी मेंदूचा असेल आणि खर्चाचा मोठा वाटा स्कॅनिंगचाच असेल तर ते उपयोगी आहेत. पण पंधरा-वीस जणांना स्कॅन करून परिणाम केवढा आहे हे मोजायला जाऊ नका. २०१३ मध्ये कॅथरीन बटन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की न्यूरोसायन्समधल्या अभ्यासांच्या सांख्यिकीय ताकदीचा, म्हणजे खरा परिणाम असेल तर तो सापडण्याच्या शक्यतेचा, मध्यक (मीडियन) २१ टक्क्यांच्या आसपास होता. मेंदूची रचना किंवा कार्य आणि माणसांच्या वागण्यातले फरक यांचा संबंध शोधायचा तर हजारो सहभागी लागतात, हे २०२२ मध्ये पुढे आलं. लहान नमुन्यात जो परिणाम नजरेत भरतो तो बहुधा फुगलेला असतो, आणि त्याच आकड्यावर मोठ्या अर्जाचं गणित मांडलं की पुढचा अभ्यासही तोकडा पडतो. हे तास वेगळ्या कामाला वापरा: सूचना सहभागींना कळतात का, डोकं किती हलतं, किती जण मध्येच सोडून जातात. आणि नैतिक समितीची मान्यता ग्रँट मिळण्याआधीच घेऊन ठेवा. तासांना मुदत असते आणि समितीला घाई नसते.

सीड ग्रँट सोडून थेट बाहेर अर्ज करावा का, हेही पुष्कळ जण विचारतात. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या आर-२१ या अनुदान प्रकारात दोन वर्षांसाठी मिळून २,७५,००० डॉलरपर्यंत थेट खर्च मागता येतो आणि कागदोपत्री प्राथमिक डेटाची सक्ती नाही. प्रत्यक्षात परीक्षकांसमोर तो असलेला अर्ज आणि नसलेला अर्ज शेजारी शेजारी येतात, तेव्हा काय होतं हे वेगळं सांगायला नको. ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्राम ही आंतरराष्ट्रीय अनुदान योजना तर नव्याने जमलेल्या गटांनाच पसंती देतो आणि प्राथमिक डेटा मागत नाही, पण तिथे सदस्य वेगवेगळ्या देशांतले हवेत. जोडीदार परदेशात असेल तर तिकडे जा. तो शेजारच्या इमारतीत असेल, तर आधी विद्यापीठाचाच पैसा घ्या. तो लवकर मिळतो आणि फसलेल्या कल्पनेची किंमत कमी ठेवतो.

कुठलाही पर्याय निवडा, डेटा साठवण्याचा खर्च अर्जात घाला. न्यूरोपिक्सेल्स या मेंदूत घालायच्या बारीक प्रोबवर एका वेळी ३८४ चॅनेल नोंदवता येतात. सेकंदाला ३०,००० नमुने आणि प्रत्येक नमुना दोन बाइटचा धरला, तर तासाला सुमारे ८३ जीबी होतात. दोन लॅबमध्ये दोन प्रती ठेवायच्या म्हणजे दुप्पट. हा खर्च अर्जात नसला की डेटा एकाच लॅबच्या सर्व्हरवर पडून राहतो, आणि दुसऱ्या लॅबला प्रत्येक फाइल मागून घ्यावी लागते.

तुमच्याकडे फक्त रोख रकमेची योजना असेल, तर आधी तिच्यातून पगार देता येतो का ते विचारा. येत असेल तर मोठा हिस्सा एका माणसावर लावा आणि त्याची बसायची जागा आठवड्यातून निम्मे दिवस दुसऱ्या लॅबमध्ये ठेवा. पगाराला परवानगी नसेल, तर आधीच नेमलेल्या एखाद्या विद्यार्थ्याचा ठरलेला वेळ या कामासाठी मोकळा करा आणि तसं अर्जात नाव न घेता नमूद करा. मग तिसऱ्या महिन्याच्या शेवटी एवढंच तपासा: दोन्ही लॅबमधून आलेलं एक तरी रेकॉर्डिंग एकाच आलेखावर, एकाच वेळरेषेवर काढता येतंय का? येत नसेल तर नवे प्रयोग थांबवा आणि उरलेला पैसा त्या जुळणीवर लावा.